एडिसनमधलं एक अंगण: हॅलोविन आणि लक्ष्मीपूजन एकाच संध्याकाळी, घरगुती डेकोरेशन कसं सुधारलं त्याची पूर्ण केस

२०२४ चं हॅलोविन आठवत असेल तर अमेरिकेतल्या मराठी घरांत त्या वर्षी एक वेगळाच पेच होता. ३१ ऑक्टोबरलाच इथे लक्ष्मीपूजन आलं होतं. महाराष्ट्रात बऱ्याच पंचांगांत ते १ नोव्हेंबरला होतं, पण अमावस्या इथल्या वेळेनुसार ३१ च्या सकाळीच लागली आणि १ तारखेच्या सकाळी संपली, म्हणजे प्रदोषकाळ मिळत होता तो ३१ च्याच संध्याकाळी, नेमका जेव्हा पोरं पिशव्या घेऊन दारोदार फिरतात तेव्हा. ही केस माझ्या मावसभावाच्या घराची आहे, न्यू जर्सीत एडिसनला. दादा-वहिनी दरवर्षी पुढच्या अंगणात स्वतःच्या हाताने हॅलोविनचं डेकोरेशन करतात, विकतचं कमी, घरचं जास्त, आणि मी गेली काही वर्षं प्रॉप्स बनवण्याच्या नादात असल्याने वहिनीने मला बोलावलं की "सगळं मांडतो गं आम्ही, पण लांबून बघितलं की दुकानाच्या बाहेर माल लावल्यासारखं दिसतं, काय चुकतंय ते सांग."

आधी काय होतं ते सांगते. साधारण ४० फूट रुंद लॉन, डावीकडे ड्राइव्हवे, मधे एक मेपल, दारापर्यंत जाणारी सिमेंटची वाट. साईडवॉकला समांतर एका ओळीत नऊ पातळ थडगी, सगळी एका उंचीची, एकाच राखाडी रंगाची. एक हवेने फुगणारा मोठा भोपळा, मेपलला टांगलेला जुन्या कपड्यांचा माणूस, सगळ्या झुडपांवर ओढलेली पांढरी जाळी, जांभळ्या-नारिंगी माळा, भराभर उघडझाप करणारा एक स्ट्रोब लाईट, धूर सोडणारं एक फॉग मशीन, आणि या सगळ्यावर गॅरेजवरून पडणारा झगझगीत पांढरा फ्लडलाईट. वस्तू भरपूर होत्या आणि मेहनतही दिसत होती, फक्त बघणाऱ्याची नजर कुठे थांबावी हेच ठरत नव्हतं.

आम्ही पहिल्यांदा काहीच बनवलं नाही. फुटपाथवर उभं राहून बघितलं, एकदा उजेडात आणि एकदा अंधारात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण लोक डेकोरेशन रात्रीसाठी करतात पण इथे ३१ ऑक्टोबरला हिवाळ्यासाठी एक तास मागे करतात ते घड्याळ अजून मागे गेलेलं नसतं, २००७ पासून ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जातं, त्यामुळे आमच्या भागात सूर्यास्त होतो ५:५२ च्या आसपास आणि त्यानंतरही अर्धा तास संधिप्रकाश राहतो. छोटी पोरं, दोन-चार वर्षांची, आई-बाबांचा हात धरून येणारी, ती साडेचार-पाचलाच येतात. म्हणजे तुमचे निम्मे प्रेक्षक तुमचं काम उजेडात बघतात, तिथे लाईट आणि धूर काही झाकत नाहीत, रंगकाम आणि आकारच दिसतो. मोठी मुलं सातनंतर येतात, त्यांना फक्त लाईट पडलेला भागच दिसतो. दोन्ही वेळा टिकेल असं काहीतरी हवं.

मग काढायला सुरुवात केली. फुगणारा भोपळा गेला, कारण त्याचा पंखा सतत घरघरत होता आणि शेजारच्या गंभीर थडग्यांचा सगळा परिणाम तो खाऊन टाकत होता. स्ट्रोब गेला, फिट येणाऱ्या मुलांना त्याने खरंच त्रास होऊ शकतो आणि असल्या लाईटमधे पायऱ्या दिसत नाहीत. झुडपांवरची कापसासारखी जाळी गेली, तिच्यात पक्षी आणि मधमाश्या अडकतात, आणि दिसतेही ती कापसासारखीच. तिच्याऐवजी पोर्चच्या एकाच कोपऱ्यात मांस गुंडाळायला वापरतात ती सुती जाळी लावली, नवी कोरी रोलवर मिळते, ताणायची आणि कात्रीने मधे मधे भोकं पाडत जायचं, चार टोकं घट्ट बांधली की जुनाट फाटलेलं जाळं तयार होतं आणि ते पुढच्या वर्षी परत वापरता येतं.

आणि झाडाला टांगलेला माणूस. तो मी पहिल्याच दिवशी उतरवायला सांगितला. दादाला आधी कळेना की यात काय, भूतच तर आहे. पण अमेरिकेत माणसाची आकृती झाडाला लटकवणं ही गंमत राहत नाही, काळ्या लोकांना जमावाने झाडांना फाशी दिल्याचा इथला इतिहास फार जुना नाही आणि रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या कुटुंबाला ते बघून काय वाटेल याचा विचार आपण इथे राहतो तर करायलाच हवा. दादाने ऐकलं आणि लगेच उतरवलं. आपल्याकडून नवीन आलेल्यांना हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

आता गोष्ट ठरवायची होती. माझं ठाम मत आहे की घरगुती अंगणाला एकच गोष्ट पुरते, आणि ती एका वाक्यात सांगता आली पाहिजे. दादाच्या मुलीने ठरवली: जुन्या कुटुंबाचं छोटं कब्रस्तान आहे आणि त्याची राखण करणारा सांगाडा रात्री कंदील घेऊन नवीन खड्डा खणतोय. बस. मग प्रत्येक वस्तूला विचारायचं की तू या गोष्टीत कुठे बसतेस, नाही बसत तर गॅरेजमधे.

थडग्यांवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तिथेच सगळ्यात जास्त फरक पडला. बाजारातली थडगी पाऊण-एक इंच जाडीची असतात, बाजूने बघितली की पुठ्ठा वाटतात, दगडाला जाडी लागते. त्यासाठी घराच्या भिंतींना इन्सुलेशन म्हणून लावतात तो गुलाबी फोम बोर्ड आणला, ४ बाय ८ फूट, २ इंच जाड. दादाने पुण्यात असताना गणपतीची मखरं केलेली, त्यामुळे कापायचा हात होता, पण थर्मोकोलचे दाणे सुटतात तसे याचे सुटत नाहीत, कोरलेली कड स्वच्छ राहते. मोठ्या थडग्यांसाठी दोन थर फोमला चालणाऱ्या गोंदाने चिकटवून ४ इंच केले.

आकार कुठून घ्यायचा? नेटवर सगळीकडे तेच ते गोल डोक्याचे दगड. पण एडिसनच्या शेजारीच वुडब्रिज आहे, थोडं पुढे एलिझाबेथ, दोन्हीकडच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चच्या आवारात ब्रिटिश वसाहतीच्या काळातली खरी थडगी आहेत, तर तिकडे जाऊन शांतपणे बघून आलो. हात न लावता, फक्त बघून. तिथला दगड राखाडी नाहीच! तो इथला तांबूस-तपकिरी वालुकाश्म आहे. वरती मधे मोठी कमान आणि दोन्ही बाजूंना छोटे खांदे, कमानीत जुन्या दगडांवर पंख असलेली कवटी आणि नंतरच्या दगडांवर पंख असलेला बाळसेदार चेहरा. अठराव्या शतकात एलिझाबेथटाऊनला एबेनेझर प्राइस नावाचा कोरणारा होता, त्याच्यासारख्यांच्या हातची अक्षरं बघितली की कळतं की ओळी थोड्या वरखाली आहेत, शेवटचं अक्षर जागा संपली म्हणून दाटीवाटीने बसवलंय. आम्ही ते तसंच्या तसं घेतलं. कॉम्प्युटरच्या फॉन्टमधे सरळ ओळीत छापल्यासारखं कोरलं की थडगं खोटं वाटतं, आणि विनोदी नावंही टाळली, नुसतं साल आणि दोन शब्द.

कोरायची पद्धत अशी: कागदावर अक्षरं काढून कागद फोमवर चिकटवायचा, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने रेषेवरून जायचं, फोम वितळून खाच पडते. हे उघड्यावरच करायचं आणि मास्क लावून, तो धूर छातीत जाऊ द्यायचा नाही. कडांना लोखंडी ब्रश घासायचा, दोन-तीन ठिकाणी तुकडा तोडायचा, हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) लांबून फिरवली की पृष्ठभाग जरा आकसतो आणि पावसाने खाल्लेल्या दगडासारखा होतो. साधा स्प्रे पेंट थेट मारायचा नाही कारण त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं, आधी ब्रशने बाहेरच्या कामाचा लेटेक्स, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग. आम्ही त्यात बारीक वाळू मिसळली. रंग पेंटच्या दुकानात कोणीतरी परत केलेले, चुकीच्या शेडचे डबे स्वस्तात ठेवलेले असतात त्यातलाच तपकिरी घेतला.

खरी जादू नंतर आहे. खाचांमधे पातळ काळा रंग भरायचा. तो वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिकट मातकट रंग घेऊन फक्त उंचवट्यांवरून हलकेच ओढायचा, ब्रश आधी पुठ्ठ्यावर पुसून, इतका कोरडा की रंग लागतोय की नाही असं वाटावं. मग शेवटी स्प्रेच्या बाटलीत पाण्यात काळा रंग पातळ करून थडग्याच्या माथ्यावर मारायचा आणि लगेच वरून साधं पाणी, म्हणजे ओघळ आपोआप खाली येतात, कमानीच्या कडेवर थांबतात, पंखांच्या खाचेत साठतात, जिथे खरा पाऊस साठला असता तिथेच. हाताने रंगवलेला ओघळ कधीच इतका खरा दिसत नाही. शेवाळासाठी घरातला चहाचा चोथा ओव्हनमधे अगदी कडक वाळवला (ओला राहिला तर बुरशी धरते), हिरवा रंग चोळला आणि उत्तरेच्या बाजूला बुडाशी गोंदावर भुरभुरला. वहिनी त्या दगडाजवळ बसून कितीतरी वेळ नुसती बघत होती.

मांडणीत ओळ मोडली. सगळ्यात मोठी थडगी पुढे, छोटी मागे, त्यामुळे अंगण आहे त्याहून खोल वाटतं. काही पुढे झुकलेली, एक अर्धं जमिनीत खचलेलं. प्रत्येकाच्या बुडातून पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे आत बसवले आणि जमिनीत सळया ठोकून त्यावर थडगं वरून खोचलं, वाऱ्याने हलत नाही. सळई ठोकण्याआधी स्प्रिंकलरचे पाइप कुठून गेलेत ते बघून घ्या, आणि उघडी राहिलेली सळई झाकल्याशिवाय सोडू नका, अंधारात पोरं धावतात. पुढे लाकडी पट्ट्यांचं गुडघ्याएवढं काळं कुंपण केलं. ते दिसायला छान आहेच पण त्याचं खरं काम म्हणजे मुलं लॉनमधून आडवी न घुसता वाटेनेच येतात आणि वायरींपासून लांब राहतात.

खड्डा खणलाच नाही. चार फळ्यांची चौकट, आत काळं प्लास्टिक, बाहेरून मल्च (झाडांच्या बुडाशी घालतात तो लाकडाचा चुरा) आणि माती ढीग करून, साईडवॉकवरून अगदी खणलेला दिसतो. बाजूला सांगाडा. प्लास्टिकचा पांढराशुभ्र सांगाडा हे घरगुती डेकोरेशनचं सगळ्यात कच्चं अंग असतं, तर त्याला रंगवताना खाली अंथरतात तो पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि हीट गनने तापवला, कागद आकसून बरगड्यांवर सुकलेल्या कातडीसारखा ताणला गेला, काही ठिकाणी फाटला, ते चांगलंच. त्यावर अक्रोडी रंगाचं लाकडाचं स्टेन लावून फडक्याने अर्धवट पुसलं. सांध्यांना स्क्रू मारून फावडं धरल्यासारखा वाकवला. वजन एका पायावर, मान किंचित वळलेली, वाटेने येणाऱ्याकडे. ती मान बसवायला खूप वेळ गेला आणि तो सार्थकी लागला.

आता मूळ पेच. मावशी पुण्याहून आलेली होती. ती म्हणाली, "अगं, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दारात थडगी?" आणि तिचं म्हणणं कुणीही उडवून लावलं नाही, कारण घर तिचंही आहे आणि सणही. बसून ठरवलं की पोर्चची पहिली पायरी ही हद्द. पायरीच्या आत दिवाळी: रांगोळी, तोरण, आकाशकंदील. पायरीबाहेर कब्रस्तान, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते उचलायचंच. मुलीसाठी त्या आठवड्यात मावशीने पोर्चच्या कडेला छोटा किल्लाही केला, आणि किल्ल्यावर पेरायला आणलेले अळीव उरले ते तिनेच थडग्यांपुढच्या मातीच्या उंचवट्यांवर टाकले. चार-पाच दिवसांत बारीक हिरवळ आली, आणि नवी माती आणि जुनी कबर यातला फरक दुपारच्या उजेडातही कळायला लागला. हे मला सुचलं नसतं.

पण हद्द ठरवून लाईटचा प्रश्न सुटत नव्हता. कब्रस्तानाला अंधार लागतो आणि दिवाळीला उजेड, आणि दादाने सवयीने गटरपासून सगळीकडे माळा लावायला काढलेल्या. त्या माळांचा उजेड लॉनवर पडला असता तर सगळं रंगकाम सपाट झालं असतं. म्हणून सगळ्या माळा पोर्चच्या आतल्या बाजूला, छताला आणि दाराभोवती, उजेड आत वळेल अशा. गॅरेजचा फ्लडलाईट बंद. लॉनवर दोन कमी वॉटचे निळे एलईडी, समोरून अजिबात नाही, दोन्ही बाजूंनी आणि जमिनीलगत, म्हणजे उजेड दगडावरून घासत जातो आणि कोरलेल्या प्रत्येक खाचेत सावली पडते. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, तांबूस दगड निळ्या उजेडात जवळजवळ काळा दिसतो कारण तो निळा परत फेकतच नाही. तो फिकट कोरडा ब्रश तेव्हा कामी आला, अंधारात दगडाच्या नुसत्या कडा आणि अक्षरं उजळलेली दिसत होती. तरीही खड्ड्याजवळच्या दोन थडग्यांना सांगाड्याच्या कंदिलाचा पिवळा लुकलुकता दिवा दिला.

आणि मग जे झालं ते आम्हालाही अनपेक्षित होतं. थंड निळ्या अंगणाच्या शेवटी तो उबदार पिवळा पोर्च इतका छान दिसायला लागला की दिवाळीमुळे डेकोरेशन बिघडण्याऐवजी त्याला शेवट मिळाला. छोटी मुलं जी आधी वाटेवर बिचकायची ती आकाशकंदिलाकडे बघत सरळ चालत यायची. नाटकाच्या प्रकाशयोजनेत निळ्यासमोर पिवळा ठेवतात त्याचं कारण तिथे प्रत्यक्ष दिसलं.

पणत्यांबद्दल मात्र कडक राहिलो. तो ऑक्टोबर न्यू जर्सीत नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यात कोरडा होता, १७ तारखेपासून राज्यात ड्रॉट वॉच, म्हणजे दुष्काळाचा इशारा लागलेला, जंगलांत आगी, आणि हॅलोविनला तर उन्हाळ्यासारखं गरम. वाळलेली पानं, फोम, आणि स्वस्तातले झिरझिरीत कॉस्च्युम, ठिणगीला एवढं पुरतं. बाहेर सगळ्या बॅटरीच्या पणत्या, भोपळ्यातसुद्धा. तेलाच्या पणत्या आत देवापाशी. मावशीने हे लगेच मान्य केलं.

फॉग मशीनचं थोडक्यात. मशीन ग्लायकॉल-पाण्याचं मिश्रण तापवून धूर करतं, गरम धूर वर जाणारच, दादाचा दरवर्षी छपरावरून जायचा. पिकनिकच्या मोठ्या कूलरमधे जाळीवर बर्फ ठेवून, धूर वरून आत आणि खालून बाहेर, बाहेरच्या तोंडाला भोकं पाडलेला पाइप जोडून तो थडग्यांच्या मागे आडवा टाकला. मशीनचं तोंड कूलरला घट्ट जोडायचं नाही, दोन-तीन इंच फट ठेवायची म्हणजे सोबत हवा ओढली जाते. वारा असेपर्यंत फारसा उपयोग झाला नाही, आठच्या पुढे वारा पडला तेव्हा धूर गवताला धरून राहिला. हवेवर कोणाचं चालत नाही, त्यामुळे फॉगवर सगळा डोलारा उभा करू नये असं माझं म्हणणं. दम्याची मुलं असतात म्हणून वाटेवर धूर येऊ दिला नाही.

विजेचा हिशोबही करा. बाहेरचं सॉकेट जीएफसीआय, म्हणजे करंट कुठे गळला तर लगेच वीज तोडणारं, असायलाच हवं. १५ अँपिअरचं सर्किट १२० व्होल्टला १८०० वॉट, पण सतत चालणाऱ्या गोष्टींसाठी ८० टक्के म्हणजे १४४० धरायचे. फॉग मशीन एकटं ४०० खातं. आधीचा गॅरेजवरचा हॅलोजन फ्लडलाईट आणि भोपळ्याचा पंखा गेल्यामुळे सगळं एका सर्किटवर आरामात बसलं. आवाजासाठी एका थडग्यामागे छोटा स्पीकर, त्यात रातकिडे, वारा आणि फार लांबून एक घंटा. किंकाळ्या नाहीत.

अजून एक गोष्ट बाकी आहे, ड्राइव्हवेकडून येणाऱ्याला थडग्यांची कोरी पाठ आणि कूलर दिसतो. पुढच्या वेळी तिथे कुंपण वळवून एक वाळलेलं झुडूप उभं करायचा विचार आहे. खर्च म्हणाल तर फोम, रंग, लाईट, प्लास्टिक, बर्फ धरून आदल्या वर्षी फक्त नवीन वस्तूंवर गेला होता त्यापेक्षा कमीच झाला, आणि बहुतेक सामान आता कायमचं आहे. १ तारखेला सकाळी भोपळे कंपोस्टमधे गेले, अळिवाची माती गुलाबाच्या वाफ्यात. थडगी ठेवताना एकावर एक आडवी रचू नका, लेटेक्स रंग वाळला तरी दाबाखाली एकमेकांना चिकटतो आणि सोडवताना सालं निघतात. उभी ठेवा, मधे जुनी चादर घाला, आणि गॅरेजमधे हीटरपासून लांब.